तेतिआरोआ : मोडून पडलेल्या हॉटेलाचं बेट पुन्हा कसं उभं राहिलं

२००४ च्या जुलैत हॉलिवूडचे नट मार्लन ब्रँडो गेले, तेव्हा दक्षिण पॅसिफिकमधल्या त्यांच्या बेटावरचं हॉटेल मोडकळीला आलं होतं. छपरं बसलेली, लाकूड कुजलेलं, धावपट्टीच्या कडेने रान माजलेलं. दहा वर्षांनी, २०१४ च्या जुलैत, त्याच बेटावर ‘द ब्रँडो’ हे ३५ व्हिलांचं नवं रिसॉर्ट उघडलं. पर्यावरणाचा विचार करून बांधलेल्या हॉटेलांची चर्चा निघाली की आज त्याचं नाव हमखास येतं. बंद पडलेल्या हॉटेलाच्या जागी नवं हॉटेल येणं हे काही नवल नाही. इथे बघण्यासारखं आहे ते हे, की बेटाचा कोणता भाग हॉटेलाला द्यायचा आणि कोणता कधीच द्यायचा नाही हे आधी ठरलं आणि बांधकाम त्यानंतर आलं. या प्रकरणाचं बरंचसं यश मला त्या क्रमात दिसतं.

जागा

तेतिआरोआ हे फ्रेंच पॉलिनेशियातलं प्रवाळबेट, ताहिती या मुख्य बेटाच्या उत्तरेला साधारण ५०-६० किलोमीटरवर. बेट म्हणजे प्रत्यक्षात प्रवाळाचं एक कडं आहे. मधे लगून, म्हणजे कड्याने अडवलेलं उथळ, निळं समुद्राचं पाणी, आणि कड्यावर बारा-तेरा छोटे जमिनीचे तुकडे. त्यांना तिथे ‘मोतू’ म्हणतात. सगळ्या मोतूंची जमीन मिळून सहा चौरस किलोमीटरच्या आसपास भरते आणि समुद्रापेक्षा जेमतेम दोन-तीन मीटर उंच असते. नदी नाही, डोंगर नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर होऊन तरंगत राहतं. उपसा जरा जास्त झाला की खारं पाणी वर येतं.

आणखी एक अडचण नकाशात चटकन दिसत नाही. बऱ्याच प्रवाळबेटांच्या कड्याला एखादी खोल फट असते आणि तिथून होड्या आत शिरतात. तेतिआरोआला तशी फट नाही. मोठी बोट लगूनमध्ये जाऊ शकत नाही, सामान बाहेरच्या लाटांतून कड्यावर उतरवावं लागतं. सिमेंटची गोणी, डिझेलचं पिंप, आजारी माणूस, सगळ्यांची वाट तीच. इथे टिकलेल्या आणि न टिकलेल्या प्रत्येक उद्योगामागे ही गोष्ट आहे.

आधीचे वापर

ताहितीच्या पोमारे राजघराण्याची ही विसाव्याची जागा. सरदार-मानकरी इथे येऊन राहत, उत्सव होत, धनुर्विद्येच्या स्पर्धा होत. त्या समाजात धनुर्विद्या हा मानाचा आणि धार्मिक खेळ होता आणि त्यासाठी दगडी चौथरे बांधलेले असत. असे चौथरे आणि ‘मराए’ म्हणजे देवस्थानाची दगडी प्रांगणं तेतिआरोआवर अजून आहेत. हवाईतल्या बिशप म्युझियमचे पुरातत्त्वज्ञ योसिहिको सिनोतो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची पाहणी केली, आणि अलीकडच्या काळात नव्याने उत्खननं झाली आहेत. १७८९ च्या जानेवारीत ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावरचे तीन खलाशी पळाले, तेही याच बेटाकडे निघाले होते. बाउंटी ताहितीला आली होती ती नीरफणसाची रोपं न्यायला. आपल्याकडे कोकणात ज्याच्या कापा तळतात, तोच नीरफणस.

१९०४ मध्ये पोमारे घराण्याने तेतिआरोआ जॉन्स्टन वॉल्टर विल्यम्स या दंतवैद्याला दिलं. पुढे तो ताहितीत ब्रिटनचा वाणिज्यदूतही झाला. त्याने इथे सुक्या खोबऱ्याचा धंदा मांडला. मूळची झाडी तोडून रांगेत माड लावले, आणि रिमातूउ या मोतूवर कामगारांची वाडी वसली. कोकणी डोळ्याला माडांचं बेट हे समृद्धीचंच चित्र वाटेल. पण समुद्रपक्ष्यांना घरट्यासाठी फांद्यांची, गर्द झाडं लागतात. माडाकडे ते सहसा फिरकत नाहीत. शिवाय नारळ म्हणजे उंदरांना बारमाही शिधा. एक जात पॉलिनेशियन दर्यावर्द्यांच्या होड्यांतून शेकडो वर्षांपूर्वीच आली होती, दुसरी, काळा उंदीर, युरोपीय जहाजांबरोबर आली. माडबागेत दोघांचंही फावलं.

म्हणजे हॉटेल बंद पडण्याच्या कितीतरी आधीच बेटाचं अर्धंअधिक नुकसान होऊन गेलं होतं. नव्या आराखड्याने फक्त पडक्या इमारतींकडे पाहिलं असतं, तर ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नसती.

ब्रँडोंचं हॉटेल

त्याच बाउंटी जहाजावर पुढे झालेल्या बंडावरच्या चित्रपटासाठी १९६० च्या सुमारास ब्रँडो ताहितीला गेले, तेव्हा त्यांना तेतिआरोआ दिसलं. १९६६-६७ मध्ये विल्यम्सच्या वारसांकडून त्यांनी ते घेतलं. लॉस एंजेलिसचे वास्तुरचनाकार बर्नार्ड जज यांना त्यांनी आराखड्याच्या कामावर आणलं. ओनेताही या मोतूवर धावपट्टी काढली, डझनभर साध्या झोपड्या, स्वयंपाकघर, जेवणघर बांधलं. माडाचं लाकूड, वर पानांची छपरं, हात धुवायला मोठे शिंपले. हॉटेल चालवण्याचा भार बराचसा त्यांची पत्नी तारिता तेरीपाइया यांच्यावर होता.

कल्पना काळाच्या पुढच्या होत्या. समुद्राच्या खोल थंड पाण्यावर इमारती थंड ठेवायच्या, शास्त्रज्ञांना बेटावर आणायचं, सागराची शाळा काढायची. पण हॉटेल हा रोजचा हिशेबाचा धंदा आहे, आणि त्या हिशेबाला ना माणूस लावला ना पैसा. विमानाने आणलेली प्रत्येक वस्तू महाग. पानांची छपरं दर काही वर्षांनी शाकारावीच लागतात, आणि खाऱ्या हवेत लाकूड फार दिवस राहत नाही. १९८२-८३ च्या एल निनोत फ्रेंच पॉलिनेशियावर एकामागून एक वादळं आली आणि त्यांत बेटावरचं बरंच काही वाहून गेलं. १९९० मध्ये कुटुंबावर मोठा आघात झाला. त्यानंतर ब्रँडोंचं येणंच जवळजवळ थांबलं. हॉटेल कसंबसं चालत राहिलं आणि मग विझलं.

या टप्प्याला ‘स्वप्न फसलं’ असं एका ओळीत उरकणं बरोबर नाही. धावपट्टी राहिली. ओनेताही सोडून बाकीच्या मोतूंवर हॉटेलाचं काहीच बांधलं गेलं नव्हतं, तेही राहिलं. पुढच्यांना या दोन्ही गोष्टी आयत्या मिळाल्या.

जमिनीचा प्रश्न आधी

पॅसिफिकमध्ये ओसाड हॉटेलांची कमी नाही. मोरेआवरचा एक मोठा हॉलिडे क्लब २००० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला. बोरा बोरावरचं एक जुनं नावाजलेलं हॉटेल २००८ मध्ये बंद झालं, तेही तसंच. कुक बेटांतल्या रारोटोंगावर सरकारी हमीच्या कर्जातून एक प्रचंड हॉटेल अर्धवट उभं राहिलं आणि १९९० च्या दशकात तिथल्या छोट्याशा देशाला त्या कर्जाने जेरीला आणलं. यांतल्या बहुतेक ठिकाणी गाडं एकाच जागी अडतं : जमीन कुणाची, तिच्यावर काय बांधता येईल आणि काय नाही, याचा निवाडा होत नाही. नवा गुंतवणूकदार येतो, जुने पाये बघतो आणि निघून जातो.

तेतिआरोआला मालकी ब्रँडोंच्या वारसांच्या विश्वस्त निधीकडेच ठेवली गेली. ताहितीत हॉटेलं चालवणारे रिचर्ड बेली १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रँडोंशी या बेटाबद्दल बोलत होते. त्यांच्या कंपनीला ओनेताही हा एकच मोतू हॉटेलासाठी मिळाला. बाकीच्या मोतूंवर हॉटेल नाही. संशोधन, संवर्धन आणि शिक्षण यांसाठी ‘तेतिआरोआ सोसायटी’ ही स्वतंत्र ना-नफा संस्था उभी राहिली आणि तिचं संशोधन केंद्र रिसॉर्टच्याच मोतूवर आलं. हॉटेलवाल्याच्या शेजघरालाच लागून शास्त्रज्ञ राहत असले, की ‘आम्ही पर्यावरण जपतो’ हे वाक्य नुसतं माहितीपत्रकात ठेवून चालत नाही.

थंड पाणी

उष्ण बेटावरच्या हॉटेलात विजेचा सगळ्यात मोठा घास एसी घेतो. डिझेल लाटांतून उतरवायचं आणि जनित्रात जाळायचं, तेवढं करून खोली थंड करायची, हे तिथलं नेहमीचं गणित होतं. ब्रँडोंची जुनी कल्पना इथे उपयोगाला आली.

प्रवाळबेट म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीच्या डोक्यावरची टोपी. कड्याच्या बाहेर पाऊल टाकलं की उतार सरळ खोलात जातो. किनाऱ्यापासून थोड्याच किलोमीटरच्या आत ९०० मीटरची खोली गाठता येते, आणि तिथलं पाणी बारा महिने ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तिथपर्यंत नळ सोडायचा आणि पाणी वर ओढायचं. पंपाला फार जोर लागत नाही, कारण नळातलं पाणी समुद्रपातळीपर्यंत आपोआपच चढलेलं असतं. वर आल्यावर टायटॅनियमच्या पट्ट्यांच्या यंत्रात ते गोड्या पाण्याच्या बंद फेरीला आपला गारवा देतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. ती गोड्या पाण्याची फेरी मग व्हिलांतून फिरते. वीज लागते ती जवळपास पंपांपुरतीच. याचा पहिला प्रयोग बेलींच्या कंपनीने २००६ मध्ये बोरा बोराच्या हॉटेलात केला होता. तेतिआरोआला यायच्या आधी हात बसलेला होता, हे महत्त्वाचं. इतक्या दूरच्या बेटावर पहिलाच प्रयोग करणं म्हणजे नसतं धाडस.

उरलेली वीज सूर्यावर, आणि जोडीला खोबरेल तेलावर चालू शकतील अशी जनित्रं. सौरपट्ट्या लावल्या त्या धावपट्टीच्या कडेने. ती जमीन चाळीस वर्षांपूर्वीच उघडी झालेली होती, तिच्यासाठी एकही नवं झाड पाडावं लागलं नाही. पाण्यासाठी समुद्राचं पाणी गोडं करण्याचं यंत्र आणि पावसाच्या पाण्याची साठवण. २०१६ मध्ये रिसॉर्टला ‘लीड’ या हरित इमारत मानांकनाचा सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम, दर्जा मिळाला.

इथे आपल्यासाठी थोडं विषयांतर. मुंबईसमोर समुद्राचा तळ दोनशे किलोमीटरहून जास्त अंतरापर्यंत उथळच राहतो, त्यामुळे कोकण किनाऱ्यावर हा मार्ग बंद आहे. लक्षद्वीप मात्र तेतिआरोआसारखंच प्रवाळबेट. कवरत्तीला २००५ मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने सुमारे ३५० मीटर खोलीचं थंड पाणी वर आणून त्यावर पिण्याचं पाणी तयार करायला सुरुवात केली, रोज लाख लिटरच्या आसपास. तिथेही कामाला आला तो हाच सरळ उतार. तेव्हा लक्षद्वीपच्या पर्यटनाची चर्चा करताना मालदीवचे फोटो समोर ठेवण्यापेक्षा कवरत्तीचा हा नळ समोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

पाण्यावर एकही खोली नाही

पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या खोल्या ही ताहितीच्या आसपासच्या बेटांची ओळख. पहिल्या खोल्या १९६७ मध्ये राइआतेआवर झाल्या आणि मग जगभर पसरल्या. या रिसॉर्टने त्या बांधल्याच नाहीत. लगून मोकळं ठेवलं आणि व्हिला किनाऱ्यावरच्या झाडीच्या मागे सरकवल्या. होडीतून पाहिलं तर बरीचशी हिरवळच दिसते. बाजाराच्या दृष्टीने हा मोठा त्याग होता, कारण महागड्या खोल्यांची जाहिरात चालते ती पाण्यावरच्या खोलीच्या फोटोवर. पण तेतिआरोआचे किनारे हिरव्या समुद्री कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा आहेत. तिथे दिवे आणि वर्दळ आली की मादी वाळूवर चढत नाही, आणि चढलीच तर अर्ध्यातून परत फिरते. ‘ते माना ओ ते मोआना’ ही स्थानिक संस्था इथल्या कासवांच्या घरट्यांची नोंद ठेवते.

व्हिलांचा आकार ‘फारे’चा, म्हणजे पॉलिनेशियन घराचा : उतरतं मोठं छप्पर, खोल वळचण, वारा आरपार. छपराला केवड्याच्या कुळातल्या झाडाची पानं. तिथे त्याच्या चटया होतात, टोपल्या होतात, आणि छपरंही शाकारतात. भोवतीची झाडी कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही. मराएजवळ मानाने लावलं जाणारं ‘अती’ म्हणजे आपली उंडी, जिच्या बियांचं तेल आपल्याकडे दिव्याला आणि औषधाला वापरत. ‘मिरो’ म्हणजे किनाऱ्यावरची भेंड. ‘आइतो’ म्हणजे सुरू, ‘नोनो’ म्हणजे बारतोंडी. यांतली बरीच झाडं माणसांनी होडीत घालून बेटाबेटाला नेली आणि त्यांच्याभोवती घर, औषध, देव यांची व्यवस्था उभी केली.

स्थानिक संस्कृतीवर उभं राहिलेलं पर्यटन म्हणजे संध्याकाळी कमरेला गवत बांधून नाच, अशी समजूत हॉटेलधंद्यात पक्की बसली आहे. नाच तिथेही आहे, आणि ताहितीचा नाच ही मोठी कला आहे. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते इतकं : मराएच्या दगडांवर इमारत आली नाही. पाहुण्यांना मोतूंवर फिरवणारे वाटाडे पॉलिनेशियन आहेत. झाडाचं नाव, माशाचं नाव, पक्ष्याचं नाव आधी ताहिती भाषेत सांगितलं जातं. आणि लगूनच्या मासेमारीबद्दल बोलताना ‘राहुई’ची भाषा वापरली जाते. राहुई म्हणजे सरदाराने किंवा गावाने ठराविक जागी, ठराविक काळ मासे धरायला घातलेली बंदी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटणाऱ्या कोळ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. सरकारी नियम लोक चुकवतात. आजोबांनी पाळलेली बंदी चुकवताना हात अडखळतो.

नारळ, उंदीर, डास

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे, आणि रिसॉर्टच्या फोटोंत तो कुठेच दिसत नाही.

माडाखाली पडलेला एक नारळ घ्या. उंदराने तो झाडावर असतानाच कुरतडलाय, अंगठा जाईल एवढं भोक पाडून आतलं खोबरं खाल्लंय. रिकामा नारळ खाली पडला, भोक वर राहिलं, पाऊस आला. आत वाटीभर पाणी साठलं, सावलीत, पानांखाली. आठवडा-दीड आठवड्यात त्यातून एडिस पॉलिनेसिएन्सिस जातीचे डास बाहेर पडतात. हा डास दिवसा चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. त्याची दुसरी जागा म्हणजे जमिनीवरच्या खेकड्यांची बिळं. दोन्ही ठिकाणी औषधाची फवारणी पोचत नाही. पॉलिनेशियात माडाच्या खोडाला पत्र्याचा रुंद पट्टा ठोकलेला दिसतो, तो उंदीर वर चढू नये म्हणून.

डासांनी भरलेल्या बेटावर कुणी दमडीही खर्च करणार नाही. म्हणून बहुतेक हॉटेलं संध्याकाळी धूर मारतात. धुराने डास तेवढ्यापुरते कमी होतात, मधमाशा मरतात, फुलपाखरं मरतात, पक्ष्यांचं खाणं जातं. तेतिआरोआवर ताहितीच्या लुई मालार्दे संस्थेने वेगळा रस्ता धरला. ही संस्था मुळात हत्तीरोगावर काम करण्यासाठीच उभी राहिली होती, त्यामुळे हा डास तिच्या चांगल्या ओळखीचा. कीटकतज्ज्ञ एर्वे बोसाँ यांच्या चमूने प्रयोगशाळेत वोल्बाकिया या जिवाणूचा वेगळा प्रकार असलेले नर वाढवले आणि २०१५ पासून ओनेताहीवर ते सोडायला सुरुवात केली. नर चावत नाहीत. त्यांच्याशी संग झालेल्या मादीची अंडी उबतच नाहीत. पुन्हा पुन्हा नर सोडत गेल्यावर ओनेताहीवर हा डास जवळजवळ नाहीसा झाला. हॉटेलने पाहुण्यांच्या सोयीसाठी दिलेला पैसा आणि जागा हत्तीरोगाच्या संशोधनाला लागली, आणि संशोधनाने हॉटेलला डासमुक्त अंगण दिलं. असा सौदा कागदावर आखून जमत नाही. संशोधक आणि व्यवस्थापक एकाच मोतूवर राहत होते म्हणून तो जमला.

मग उंदरांकडे मोर्चा वळला. २०१८ मध्ये रेइओनो या मोतूवर आधी चाचणी झाली, आणि २०२२ मध्ये ‘आयलंड कॉन्झर्व्हेशन’ या संस्थेच्या साथीने उरलेल्या मोतूंवर विषारी आमिष टाकून उंदीर काढण्याची मोहीम झाली. रेइओनो हा नारळी खेकड्यांचा मोतू, त्यामुळे तिथे हात फार जपून टाकावा लागला.

उंदीर गेल्याने पाहुण्याला काय मिळतं? थेट काहीच नाही. पण उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी आणि पिल्लं खातात, कासवाची नुकती निघालेली पिल्लंही सोडत नाहीत. पक्षी खुल्या समुद्रात मासे खातात आणि बेटावर येऊन शिटतात. ते खत पावसाने लगूनमध्ये उतरतं आणि प्रवाळ पोसतं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उंदीर नसलेल्या बेटांभोवतीच्या प्रवाळावर माशांचं एकूण वजन उंदीर असलेल्या बेटांपेक्षा जवळपास निम्म्याने जास्त आढळलं. म्हणजे माडावरचा उंदीर आणि पाण्यातला मासा एकाच दोरीला बांधलेले आहेत. ताहुना इती हा तेतिआरोआचा पक्ष्यांचा मोतू. तिथली वस्ती आता शेजारच्या मोतूंवर पसरायला वाव मिळाला. माडांच्या जागी मूळची झाडं परत आणण्याचं काम याच्याच पुढचं, आणि ते दशकांचं आहे.

जिथे माझं मन अडतं

एका रात्रीचं भाडं रुपयांत मोजलं तर लाखांत जातं. २०१७ मध्ये बराक ओबामा इथे काही आठवडे राहून गेले, यावरून गिऱ्हाईक कोण ते कळतं. ताहितीतल्या पापीते या राजधानीपर्यंत पोचायला हजारो किलोमीटरचा विमानप्रवास आणि तिथून पुढे वीस मिनिटांचं छोटं विमान. खोली थंड पाण्यावर गार केल्याने तो धूर भरून निघत नाही. बेटाला धंद्याची मर्यादा परवडली ती खोल्या थोड्या आणि भाडं अफाट असल्यामुळे. मध्यमवर्गीय पाहुण्यावर हेच गणित बसवायला गेलं तर खोल्या दसपट कराव्या लागतील आणि मग ओनेताहीवर झाडीच उरणार नाही. श्रीमंतांकडून पैसा घेऊन बेटाची डागडुजी करायची, ही या नमुन्याची खरी अर्थव्यवस्था आहे, आणि तसं स्पष्ट म्हणण्यात गैर काही नाही. फक्त कुणी तो ‘सगळ्या किनाऱ्यांसाठी आदर्श’ म्हणून विकू नये.

दुसरी अडचण लोकांची. हॉटेल आलं तेव्हा तेतिआरोआवर गाव उरलेलं नव्हतं. रिमातूउची वाडी खोबऱ्याबरोबर संपली. त्यामुळे ‘स्थानिकांचा सहभाग’ हा सगळ्या पर्यटन प्रकल्पांत रक्त आटवणारा प्रश्न इथे सौम्य झाला. ताहितीहून एका दिवसाच्या सहलीच्या शिडाच्या होड्या अजून येतात, त्यामुळे बेट सामान्य माणसाला पूर्ण बंद झालेलं नाही, ही जमेची बाजू. पण जिथे वाड्या आहेत, रापण आहे, सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, तिथे तेतिआरोआचा आराखडा पहिल्याच बैठकीत कोलमडेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रच्या पुढाकाराने कासवांची घरटी राखली गेली आणि गावकऱ्यांनी आपल्याच घरात पाहुणे ठेवले. कासव तिथेही केंद्रस्थानी, पण पैसा थेट घराघरात, आणि पाहुणा पंगतीला बसून भाकरी-आमटी खातो. आपल्या किनाऱ्याला जवळचा नमुना तो. तेतिआरोआकडून घ्यायचे ते सुटे भाग : मोतू वेगळा काढून ठेवण्याची शिस्त, आधीच बिघडलेली जमीनच वापरण्याची सवय, धुराऐवजी डासाच्या मुळाशी जाणं.

तिसरी गोष्ट कुणाच्याच हातात नाही. दोन-तीन मीटर उंचीच्या जमिनीला वाढत्या समुद्राची आणि तापत्या पाण्याने पांढऱ्या पडणाऱ्या प्रवाळाची भीती आहे. उंदीर काढून, पक्षी आणून प्रवाळाची ताकद वाढवणं एवढंच बेटावरून करता येतं, आणि तेवढं ते करत आहेत.

थंड पाण्याचा नळ मात्र हॉटेलाबाहेर पडला. ताहितीच्या ताओने इथल्या सरकारी रुग्णालयात २०२२ पासून खोल समुद्राच्या पाण्यावर चालणारी थंडाव्याची व्यवस्था सुरू आहे. बोरा बोराच्या हॉटेलात हात बसला, तेतिआरोआवर तो पक्का झाला, आणि आता ताहितीचा कुठलाही रोगी ज्या वॉर्डात दाखल होतो तिथला उकाडा त्याने कमी होतो. रुग्णालयाचं विजेचं बिल हलकं झालं की तो पैसा औषधांकडे वळवता येतो. अशा प्रकल्पांचं मूल्यमापन करताना खोल्यांच्या भाड्याच्या आणि मानांकनाच्या रकान्याशेजारी हाही एक रकाना असायला हवा : हॉटेलाने केलेल्या प्रयोगातलं काय, किती वर्षांत, हॉटेलात कधीच पाऊल न टाकणाऱ्या माणसापर्यंत पोचलं.